मधुमेहासाठीच्या सायकल राइडला पहिल्यांदाच येताय? सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

नोव्हेंबर जवळ आला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच ते प्रश्न फिरायला लागतात. ही राइड म्हणजे मधुमेहाच्या रुग्णांना इन्सुलिन वगैरे देता यावं म्हणून वर्गणी गोळा करणारी सायकलफेरी. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला हे प्रश्न पाठ झालेले असतात. एकदाच सविस्तर लिहून ठेवलं की दर वर्षी तेच टाइप करत बसायला नको. गोळी किंवा इन्सुलिनचा डोस किती घ्यायचा हे मात्र इथे मिळणार नाही, ते तुमचे डॉक्टरच सांगतील.

ही शर्यत असते का?

नाही. नंबर काढत नाहीत, वेळ लावत नाहीत. जिवाच्या आकांताने पुढे पळणारे दोन-चार जण प्रत्येक राइडला असतात. त्यांना पळू द्या.

सायकल चालवून मधुमेहाला काय फरक पडणार? सरळ पैसे का देऊ नयेत?

द्या की, कुणी अडवलंय? पण अनुभव असा की नुसते पैसे मागायला गेलं तर माणूस "बघू" म्हणतो. "मी येत्या रविवारी सायकलवरून नरसोबाच्या वाडीला जाऊन येणार आहे, किलोमीटरमागे दहा रुपये लावा" म्हटलं की तोच माणूस हसत हसत पाचशेची नोट काढतो, वर दुसऱ्या दिवशी "पोचलास का?" म्हणून फोनही करतो.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे आपल्या गल्लीतल्या बऱ्याच घरांत कुणा ना कुणाला शुगर आहे, आणि तरीही ती सांगायची चोरी. शंभर-दोनशे माणसं छातीवर निळं वर्तुळ लावून विश्रामबागेतून जातात तेव्हा ती चोरी थोडी कमी होते.

या राइड १४ नोव्हेंबरच्या आसपासच का ठेवतात?

तो जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. कॅनडातल्या टोरांटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत कामाला सुरुवात केली, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते नीट लागू पडलं नाही. मग त्यांच्याच गटातल्या कॉलिप यांनी औषध आणखी शुद्ध केलं, आणि काही दिवसांनी दिलेल्या पुढच्या इंजेक्शनने मुलाची साखर उतरली. संशोधकांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. शंभर वर्षांनंतरही इन्सुलिनसाठी वर्गणी गोळा करावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

छातीवरचं निळं वर्तुळ हे मधुमेहाचं जागतिक चिन्ह आहे.

मला शुगर आहे. मी यायचं का नाही?

यायचं. किंबहुना तुमच्यासाठीच तर हे सगळं. स्नायू काम करायला लागले की रक्तातली साखर थेट खेचून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहत नाहीत. म्हणूनच डॉक्टर आठवड्याला निदान १५० मिनिटांचा व्यायाम सांगतात आणि लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका म्हणतात.

मधुमेह असून काय करता येतं याचं एक उदाहरण. 'टीम नोव्हो नॉर्डिस्क' नावाचा व्यावसायिक सायकलपटूंचा संघ आहे, त्यातला प्रत्येक रायडर टाइप १ मधुमेहाचा, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्या प्रकारचा. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या 'टूर द क्युअर' राइडमध्ये मधुमेह असलेल्यांना 'रेड रायडर' म्हणतात आणि बाकीचे त्यांना ओरडून प्रोत्साहन देतात. आपल्याकडे ओरडायला लोक लाजत नाहीत, फक्त लाल जर्सी घालायला लाजतात.

राइडला येण्याआधी डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. "सायकल चालवू का?" एवढंच विचारू नका, त्याला "चालवा की" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: त्या दिवशी सकाळची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीइतकंच घ्यायचं का? हृदयाची तपासणी लागेल का? डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला होता? पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोराच्या श्रमाने आत रक्तस्राव होऊ शकतो. तिथे डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबायचं, घासाघीस नाही.

मी इन्सुलिन घेत नाही, फक्त गोळ्या आहेत. माझी शुगर खाली कशी जाईल?

कुठली गोळी त्यावर आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल तर सहसा जात नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडवर असाल तर जाऊ शकते, कारण या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात; तुम्ही जेवला आहात की सायकलवर आहात याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. गंमत अशी की आपल्याकडे पुष्कळ जण जी 'एकच गोळी' घेतात तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही दोन्ही औषधं एकत्र असतात. "मला फक्त मेटफॉर्मिन आहे" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याची स्ट्रिप उलटी करून बघितली की ग्लिमेपिराइड सापडतं. आज घरी गेलात की गोळीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लावून वाचा.

ब्लड प्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तेही डॉक्टरांना आठवण करून द्या. शुगर उतरताना छातीत होणारी धडधड त्या गोळीमुळे जाणवत नाही.

नोंदणीच्या फॉर्मवर मधुमेह आहे असं लिहायलाच पाहिजे का? उगाच चर्चा नको.

लिहायलाच पाहिजे. या पानावरची बाकी उत्तरं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मुलीचं लग्न व्हायचंय, नोकरीत कळायला नको, सासरी सांगितलेलं नाही: ही सगळी कारणं ऐकून झालेली आहेत आणि ती खोटी नाहीत. पण रस्त्याच्या कडेला शुगर उतरून बसलेला माणूस बघणाऱ्याला काय दिसतो? घामाघूम, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय, विचारलं तर चिडतोय. सकाळी सातला असं कुणी दिसलं की लोकांचा पहिला संशय दारूवर जातो. मदत करणाऱ्याला तीन चमचे साखरेचं काम आहे हे कळतच नाही. पाठीवरच्या नंबराच्या मागच्या बाजूला 'टाइप २, गोळ्या' किंवा 'टाइप १, इन्सुलिन' आणि घरच्यांचा मोबाइल नंबर लिहिलेला असेल तर काम एका मिनिटात होतं. तो मजकूर आतल्या बाजूला असतो, रस्त्यावरच्या लोकांना दिसत नाही. शिवाय ज्या एका माणसाबरोबर चालवणार त्याला तोंडी सांगा. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही.

निघताना शुगर किती असावी?

इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी मीटरवर ९० च्या खाली आकडा दिसला तर आधी खायचं, मग निघायचं. टाइप १ असेल तर साधारण १२६ ते १८० च्या दरम्यान निघणं सोयीचं पडतं. २५० च्या वर असेल तर टाइप १ वाल्यांनी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारी आम्लं) तपासायचे, आणि ते वाढलेले असतील तर त्या दिवशी सायकल स्टँडवर. तुमच्यासाठी डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळा.

दर अर्ध्या-पाऊण तासाने थांबून तपासणं सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण आपलं शरीर कुठल्या किलोमीटरला काय करतं हे त्यातूनच कळतं. एखाद्या पुलाच्या चढावर जोर लावला की शुगर उलट थोडी वाढलेलीही दिसेल. घाबरू नका, जोराच्या कष्टात शरीर साठ्यातली साखर बाहेर सोडतं.

शुगर उतरली हे कळणार कसं? घाम तर सगळ्यांनाच येतो.

बरोबर, खरी अडचण हीच आहे. फरक असा की हा घाम थांबल्यावरही थांबत नाही, आणि तो गार असतो. ओठांना मुंग्या, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक, समोरच्या पाटीवरची अक्षरं नीट न लागणं, विनाकारण राग. नेहमी हसतमुख असणारा मित्र गियर पडत नाही म्हणून सायकलीवर खेकसायला लागला तर त्याला उतरवा आणि आधी बोट टोचा.

७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम लवकर विरघळणारी साखर: तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा तेवढीच साखर, किंवा अर्धा ग्लास साधं गोड सरबत. १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आकडा ५४ च्या खाली असेल किंवा माणूस गोंधळलेला असेल तर त्याची राइड तिथेच संपली, सायकल टेम्पोत. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, एका कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

खिशात काय ठेवू?

परदेशी जेलची पाकिटं विकत घ्यायची काही गरज नाही, आपण बेदाण्याच्या जिल्ह्यात राहतो. दोन टेबलस्पून बेदाण्यांतून साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात, खिशात चुरा होत नाही, उन्हात वितळत नाही. चालवता चालवता पुरवठा म्हणून बेदाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू उत्तम. शुगर उतरलीच तर मात्र चावत बसू नका, तिथे ग्लुकोज पावडरच. दोन्ही वेगवेगळ्या खिशांत ठेवा.

केळं खाल्ल्यावर मीटरने एकदम २८० दाखवले. मीटर बिघडलाय का?

मीटर नव्हे, बोट. केळं सोलताना, चिकूची फोड धरताना, गुळाचा खडा मोडताना बोटाला साखर लागते. टोचल्यावर येणारा रक्ताचा थेंब तीच साखर घेऊन स्ट्रिपवर जातो. सॅनिटायझर चोळून किंवा पँटला पुसून ती निघत नाही. बाटलीतलं पाणी ओतून बोट नीट धुवा, कोरडं करा, मग टोचा. हे न करता खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी इन्सुलिन घेतलं तर प्रकरण जिवावर बेतू शकतं.

दंडावर सेन्सर आहे, मग बोट टोचायची कटकट नाही ना?

थोडी आहे. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि व्यायामात तो रक्ताच्या काही मिनिटं मागे राहतो. सेन्सरच्या स्क्रीनवर बाण खाली दिसत असेल आणि तुम्हाला काही वेगळं वाटत असेल, तर बोट टोचाच.

मुलगी १३ वर्षांची, टाइप १. पाठवू का? तिची आजी नको म्हणतेय.

आजींना सांगा की बरोबर घरातलं कुणीतरी असणार आहे, आणि खरंच असू द्या. मुलीच्या शेजारून चालवणाऱ्याला इन्सुलिन, मीटर आणि साखर या तिन्ही गोष्टी हाताळता आल्या पाहिजेत. त्या सकाळचं इन्सुलिन मांडीत देऊ नका, पोटावर द्या: पेडल मारणाऱ्या मांडीतून ते लवकर शोषलं जातं आणि शुगर अचानक पडते. डोस किती कमी करायचा ते तिच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. पहिल्या वर्षी छोटा टप्पा पुरे.

इन्सुलिनचं पेन जर्सीच्या मागच्या खिशात उन्हात तापत ठेवू नका. सोबतच्या गाडीतल्या थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटवून नको. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

माझी सायकल साधीच आहे, गियर नाही. चालेल?

आपला भाग सपाट आहे, बिनगियरची काळी सायकल आरामात चालते. दूध घालणारे रोज तीच चालवतात. फक्त आदल्या आठवड्यात ब्रेकचे रबर बघा, चेनला तेल द्या, टायरच्या कडेला छापलेल्या दाबाइतकी हवा भरा. सीटची उंची बहुतेकांची चुकते: पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. गुडघेदुखीची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

किती अंतर, कुठला रस्ता?

पहिल्यांदा येणाऱ्याने २० ते २५ किलोमीटर घ्यावेत. हरिपूर रस्ता सरावाला सगळ्यात छान, चिंचेच्या झाडांची सावली आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम. जरा जम बसला की नरसोबाची वाडी, जाऊन-येऊन पन्नासच्या आत. दंडोबाचा चढ पहिल्या वर्षी डोक्यात आणू नका.

तयारीला पाच-सहा आठवडे पुरतात. आठवड्यातून तीनदा, त्यात रविवारी थोडं लांब. राइडच्या दोन तृतीयांश अंतर आधी एकदा झालेलं असेल तर उरलेलं गर्दीच्या जोरावर होतं.

उसाच्या ट्रॅक्टरांचं काय?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचे लोक विचारत नाहीत, आपण विचारलाच पाहिजे. मधुमेह दिन आणि गाळप हंगाम एकाच सुमाराला येतात. पहाटे आष्टा रस्त्याला दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेला असतो. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागचा दिवा असला तर असला, आणि पुढे स्पीकरवर गाणी इतकी मोठ्याने की तुमची घंटी त्या ड्रायव्हरला जन्मात ऐकू जाणार नाही. पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसरी आहे हे धुक्यात दिसत नाही आणि माणूस मधेच आत घुसतो. ओव्हरटेक करूच नका. थांबा, जाऊ द्या. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी पुढच्या चाकाखाली आली की सायकल आडवी होते, म्हणून ट्रॅक्टर गेल्यावरही नजर खालीच.

मागे लाल दिवा, अंगात फिकट कपडे, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे ढकललेलं नको.

कपडे आणि चपला?

चपला नकोत. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, टाचेला फोड आलेला संध्याकाळपर्यंत कळत नाही. बंद बूट, सुती मोजे, घरी गेल्यावर दोन्ही तळवे आरशात बघायचे. ओढणी गाठ मारून कमरेत, चाकाकडे जाऊ देऊ नका.

पैसे कुणाच्या खात्यात जातात? पावती मिळते का?

विचारायलाच हवं, आणि विचारल्यावर आयोजकाच्या कपाळाला आठी पडली तर दुसरी राइड शोधा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक पावतीवर आहे का, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव येतं की कुण्या व्यक्तीचं, एवढं बघा. प्रवेश फी आणि देणगी वेगळी असते. टी-शर्ट-नाश्त्याची फी म्हणजे दान नव्हे.

करसवलतीसाठी, म्हणजे आपण ज्याला ८०जी म्हणतो त्यासाठी, संस्थेला तशी मान्यता लागते. २००० रुपयांच्या वर रोख दिलेल्याला सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ती मिळतच नाही. त्यासाठी देणगी थांबवू नका म्हणजे झालं.

पैशांऐवजी इन्सुलिन किंवा स्ट्रिप आणून दिल्या तर?

भावना चांगली, पण नको. इन्सुलिनला सतत थंड ठेवावं लागतं. स्ट्रिप ज्या कंपनीच्या मीटरच्या असतील त्यालाच चालतात. आणि आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा मिलिलीटरला ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज वेगळी; १०० युनिटची सिरिंज त्यात घुसली तर डोस चुकतो. रुग्णाला नेमकं काय लागतं ते संस्थेला माहीत असतं. पैसे द्या.

राइड संपल्यावर भडंग-जिलेबी चालेल ना?

भडंग मूठभर खा, जिलेबीचं तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगणार ते रात्रीचं. श्रम केलेले स्नायू पुढे चोवीस तासांपर्यंत साखर ओढत राहतात, त्यामुळे शुगर रात्री झोपेत उतरू शकते. इन्सुलिनवाल्यांनी झोपण्यापूर्वी तपासून घ्या, रात्रीच्या डोसबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, उशाशी ग्लुकोज ठेवा, आणि बायकोला किंवा नवऱ्याला सांगून झोपा.

मला मधुमेह नाही आणि सायकलही येत नाही. माझं काही काम आहे का?

भरपूर. वळणावर झेंडा घेऊन उभं राहणं, मागच्या टेम्पोत बसणं, पाण्याचं टेबल सांभाळणं. पाण्याच्या टेबलावर तीन भांडी लागतात: साधं पाणी, लिंबू-मीठ, आणि गोड सरबत. तिन्हींवर मोठ्या अक्षरात नाव चिकटवा, कारण गडबडीत शुगर वाढलेल्याच्या हातात गोड जातं आणि उतरलेल्याच्या हातात मीठ-लिंबू. पहाटे साडेपाचला हजर राहावं लागेल, आणि पाण्याच्या कॅनचे नळ गळत नाहीत ना, ते आदल्या रात्रीच बघून घ्या.